को-ओव्हेटनंतर ब्रिटनचे धावपटू कुठे गेले, आणि परत कसे आले?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी कोल्हापूरचा. दहा किलोमीटर 41 मिनिटांत धावतो. नोकरीसाठी दोन वर्षं लीड्सला येतोय. वडिलांकडून को, ओव्हेट, क्रॅम ही नावं ऐकत मोठा झालो. मधली कितीतरी वर्षं 1500 मीटरमध्ये ब्रिटनचं नावच नव्हतं, आणि आता पुन्हा तेच पुढे दिसतात. हे नेमकं काय झालं? आणि तिथे आल्यावर मी कुठल्या क्लबात जावं?’

मी वेस्ट यॉर्कशायरमधल्या एका छोट्या क्लबात बरीच वर्षं मध्यम आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंचा कोच आहे. त्यामुळे या सगळ्याकडे मी क्लबातूनच बघतो. एखादा क्रीडापत्रकार तुम्हाला वेगळं सांगेल, आणि तोही चुकीचा नसेल.

माझ्या मते ब्रिटनमध्ये चॅम्पियन कधी संपलेच नव्हते. तुम्ही म्हणता त्या मधल्या काळातही मॅरेथॉनची पॉला रॅडक्लिफ होती, 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकला 800 आणि 1500 अशी दोन्ही सुवर्णं घेणारी केली होम्स होती, पुढे मो फॅरा आला. आटली ती त्यांच्या मागची फळी. ती आता पुन्हा भरली आहे.

फळी म्हणजे काय, हे समजायला इथल्या क्रॉसकंट्रीत, म्हणजे शेतांतून, चिखलातून आणि चढांवरून होणाऱ्या शर्यतीत, गुण कसे मोजतात ते बघा. पुरुषांच्या मोठ्या शर्यतींत बहुधा क्लबाच्या पहिल्या सहा जणांचे क्रमांक धरतात, त्यांची बेरीज करतात, आणि ज्याची बेरीज सगळ्यांत कमी तो क्लब जिंकतो. समजा एका क्लबाचे सहा जण 1, 12, 30, 44, 61 आणि 140 वे आले. बेरीज 288. दुसऱ्या क्लबाचे 20, 28, 33, 41, 52 आणि 70 वे आले. बेरीज 244. म्हणजे शर्यत जिंकणारा माणूस पहिल्या क्लबाकडे असूनही ढाल दुसऱ्याकडे जाते. एखाद्या क्लबाच्या अव्वल धावपटूने जिवाच्या आकांताने तिसऱ्याचा पहिला क्रमांक केला, तर क्लबाचे दोन गुण वाचतात. सहाव्याने चिखलात थोडा जोर लावून दहा जणांना मागे टाकलं, तर दहा वाचतात. म्हणून शेवटच्या चढावर क्लबाची मंडळी उभी राहून ओरडत असतात ती पुढच्यासाठी नव्हे, मागून धापा टाकत येणाऱ्या त्या सहाव्यासाठी. तो बऱ्याचदा पोस्टमन असतो, शाळेतला शिक्षक असतो, चाळिशीचा असतो.

ही व्यवस्था जुनी आहे. लंडनचा टेम्स हेअर अँड हाउंड्स हा क्रॉसकंट्रीचा सगळ्यांत जुना क्लब 1868 चा. बर्मिंगहॅमचा बर्चफिल्ड हॅरियर्स 1877 चा. हे दुसरं नाव लक्षात ठेवा, कारण त्याच क्लबाचं घर असलेल्या अलेक्झांडर स्टेडियममध्ये 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या बीडच्या अविनाश साबळेने 3000 मीटर स्टीपलचेसचं (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) रौप्य घेतलं. 8 मिनिटे 11.20 सेकंद, आणि सुवर्ण हुकलं ते अवघ्या 0.05 सेकंदाने. त्याआधीच्या कित्येक राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच घेऊन जायचा. त्या दिवशीच्या आनंदाबद्दल मी लिहीत बसलो तर मूळ प्रश्न बाजूलाच राहील.

जुन्या काळात या क्लबांवर एक कडक सोवळं होतं: धावण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. वॉल्टर जॉर्जला स्कॉटलंडच्या विल्यम कमिंग्जशी लढायचं होतं म्हणून तो व्यावसायिक झाला. 1886 मध्ये लंडनच्या लिली ब्रिजवर त्याने मैल 4 मिनिटे 12.75 सेकंदांत काढला. जवळजवळ तीस वर्षं त्यापेक्षा वेगवान मैल कुणाला जमला नाही. आल्फ श्रबने 1904 मध्ये ग्लासगोला एकाच शर्यतीत वाटेतले विक्रम एकामागून एक मोडत तासाभरात साडेअठरा किलोमीटरहून जास्त अंतर कापलं. पुढच्याच वर्षी पैशांच्या कारणावरून त्याच्यावर बंदी आली. या सोवळ्यामुळे माणसं नोकरी सांभाळून धावायची. रॉजर बॅनिस्टर वैद्यकीचा विद्यार्थी होता आणि 6 मे 1954 ला, ज्या दिवशी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोडवर त्याने 3 मिनिटे 59.4 सेकंदांचा मैल काढला, त्या दिवशी सकाळी तो लंडनच्या रुग्णालयात होता. मॅरेथॉन 2 तास 20 मिनिटांच्या आत धावणारा पहिला माणूस जिम पीटर्स चष्मेवाला होता, म्हणजे डोळे तपासून चष्मे द्यायचा. रॉन हिल कापडाच्या रसायनांतला पीएचडी. 1970 मध्ये त्याने बोस्टन मॅरेथॉन जिंकली आणि त्याच वर्षी एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या मॅरेथॉनमध्ये 2:09:28 काढले. हाच माणूस डिसेंबर 1964 पासून जानेवारी 2017 पर्यंत एकही दिवस न चुकवता रोज किमान एक मैल धावला. या शेवटच्या गोष्टीचं कौतुक मलाही आहे, पण माझ्या धावपटूंना मी तसं करू देणार नाही.

बॅनिस्टरच्या शर्यतीतली एक गोष्ट मात्र आजही उपयोगाची आहे. तो एकटा धावला नव्हता. पहिले अडीच लॅप ख्रिस ब्रॅशरने वेग धरला, मग ख्रिस चॅटवेने त्याला शेवटच्या लॅपच्या निम्म्यापर्यंत नेलं. ब्रॅशरने पुढे 1956 ला मेलबर्नमध्ये स्टीपलचेसचं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं आणि 1981 मध्ये जॉन डिस्लीबरोबर लंडन मॅरेथॉन सुरू केली. एका माणसाचा पेसर म्हणून ज्याचं नाव लोकांना माहीत आहे, त्याचं स्वतःचं खातं इतकं मोठं.

आता तुमच्या वडिलांच्या काळाकडे. 1979 च्या उन्हाळ्यात सेबॅस्टियन कोने 41 दिवसांत 800, मैल आणि 1500 असे तीन विश्वविक्रम केले. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये 800 मध्ये सगळ्यांची पैज कोवर होती, ती स्टीव्ह ओव्हेटने मारली, आणि 1500 मध्ये ओव्हेटवर होती, ती कोने मारली. ऑगस्ट 1981 मध्ये या दोघांनी मैलाचा विक्रम दहा दिवसांत तीन वेळा एकमेकांच्या हातून काढून घेतला: झुरिचला को, कोब्लेंझला ओव्हेट, ब्रसेल्सला पुन्हा को, 3:47.33. त्याच साली कोने 800 मीटर 1:41.73 मध्ये काढले, ते 1997 पर्यंत टिकले. मग जॅरोचा स्टीव्ह क्रॅम आला. 1985 मध्ये 19 दिवसांत 1500, मैल आणि 2000 मीटरचे विश्वविक्रम त्याच्या नावावर लागले. 1500 मीटर साडेतीन मिनिटांच्या आत धावणारा तो पहिला.

कोचे आजोबा पंजाबी होते. भारतीय वर्तमानपत्रं हे दर चार वर्षांनी नव्याने शोधून काढतात, म्हणून सांगून टाकलं.

एक हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा. 1976 ला आफ्रिकी देशांनी मॉन्ट्रियलवर बहिष्कार घातला, 1980 ला केनियाने मॉस्कोवर आणि 1984 ला इथिओपियाने लॉस एंजेलिसवर. त्यामुळे त्या पदकांना थोडी सवलत होती असं म्हणता येतं. पण घड्याळावर कुणी बहिष्कार घालत नाही, आणि वर दिलेले आकडे घड्याळाचे आहेत.

त्यापेक्षा मला रस आहे तो या तिघांच्या मागे कोण होतं यात. डेव्ह मूरक्रॉफ्टने 1982 मध्ये ऑस्लोला 5000 मीटर 13:00.41 मध्ये काढले, तोही विश्वविक्रम. रॉदरहॅमचा सुतार पीटर इलियट 1988 ला सोलमध्ये 1500 चं रौप्य घेऊन आला. रॉयल एअर फोर्समध्ये विमानांचा तंत्रज्ञ असलेला वेल्सचा स्टीव्ह जोन्स 1984 मध्ये शिकागोला मॅरेथॉनचा विश्वविक्रम करून गेला आणि पुढच्या वर्षी तिथेच 2:07:13 धावला. फार्मासिस्ट चार्ली स्पेडिंगला 1984 च्या ऑलिंपिक मॅरेथॉनचं कांस्य मिळालं. लिव्हरपूलचा अग्निशामक दलातला जेफ स्मिथ लागोपाठ दोनदा बोस्टन जिंकला. आणि यांच्याही मागे अशी डझनावारी माणसं होती की जी 2:20 च्या आत धावत आणि ज्यांचं नाव तालुक्याबाहेर कुणाला माहीत नसे. आमच्या क्लबात सत्तरीतले एक गृहस्थ आहेत. तरुणपणी 2:19 ची मॅरेथॉन धावले होते. मी विचारलं, तेव्हा काउंटीच्या संघात असाल? म्हणाले, नाही हो, मला आमच्या क्लबाच्या रोड रिलेच्या संघातही दरवेळी जागा मिळत नसे.

त्या रिलेबद्दल सांगतो. बर्मिंगहॅमजवळच्या सटन पार्कमध्ये वसंतात बारा टप्प्यांची राष्ट्रीय रिले होते, लांब आणि आखूड टप्पे आलटून पालटून. त्यात क्लबाला बारा चांगले पुरुष लागतात, एक हिरो असून भागत नाही.

मैलाच्या बाबतीत याच विचाराचा माणूस म्हणजे फ्रँक हॉरविल. त्याने 1963 मध्ये ब्रिटिश मायलर्स क्लब काढला. तो आजही चालतो, आणि माझ्या मते ब्रिटिश मध्यम पल्ल्याला कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा त्याने जास्त दिलं आहे. त्यांच्या संध्याकाळी पाहायला जा. एकाच संध्याकाळी 800 च्या ओळीने शर्यती होतात. नोंदणी करताना दिलेल्या टायमिंगवरून गट पाडतात: 1:48 वाले एका शर्यतीत, 1:52 वाले दुसऱ्या, 1:58 वाले आणखी पुढच्या. बहुतेक गटांना पेसर दिलेला असतो आणि त्याने पहिला लॅप किती सेकंदांत काढायचा ते आधी ठरलेलं असतं. पदक नाही, स्टेजवर पाहुणे नाहीत, भाषण नाही. सतरा वर्षांच्या मुलीच्या आजूबाजूला तिच्याच वेगाच्या दहा जणी असतात आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये कुणाला सोडायचं नाही हे तिला आपोआप कळतं. आपल्याकडच्या जिल्हा स्पर्धेत एक मुलगी वीस मीटरने पुढे आणि बाकीच्या विखुरलेल्या, हे चित्र तुम्हीही पाहिलं असेल. जिंकलेल्या मुलीला त्या शर्यतीने काय शिकवलं?

मग ही फळी आटली कशी? एक कारण कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. 1980 च्या दशकाच्या मध्यात शिक्षकांचा पगारावरून मोठा संघर्ष झाला. शाळा सुटल्यावर फुकट खेळ घेणारे शिक्षक त्यातून बाजूला झाले, आणि वाद मिटल्यावरही सगळे परतले नाहीत. शाळांची मैदानं विकली गेली. ज्या कारखान्यांच्या, खाणींच्या गावांतून उत्तरेचे हॅरियर्स, म्हणजे धावण्याचे क्लब, भरायचे, ती गावंच बसली. सरावाची पद्धतही बदलली. आधीची पिढी आठवड्याला शंभर मैल धावायची. को मात्र कमी धावून वेगावर भर देतो असा समज पसरला आणि क्लबाक्लबांतून मुलांनी त्याचा सोपा अर्धा भाग उचलला. कोचे वडील पीटर इंजिनिअर, त्यांनी मुलासाठी वेगवेगळ्या वेगांचं मिश्रण फार विचाराने बसवलं होतं. ते मिश्रण राहिलं बाजूला, नुसते कमी मैल उरले. याच सुमारास केनिया, इथिओपिया, मोरोक्को आणि अल्जीरियाचे धावपटू पूर्ण ताकदीने उतरले. 1997 मध्ये ब्रिटिश अ‍ॅथलेटिक फेडरेशनचंच दिवाळं वाजलं. राष्ट्रीय लॉटरीतून खेळांना मिळणारा पैसा आला, पण तो पदकाच्या आशेवर असलेल्या मोजक्या लोकांना. 2:17 च्या मॅरेथॉनवाल्याला त्याचा काय उपयोग?

आकड्यांत सांगायचं तर इतकं पुरे: लंडन मॅरेथॉन जिंकणारा शेवटचा ब्रिटिश पुरुष इमन मार्टिन, साल 1993. जोन्सचा 1985 चा राष्ट्रीय विक्रम मोडायला 2018 उजाडावं लागलं, आणि तो मोडला फॅराने. सोलमधल्या इलियटनंतर ऑलिंपिकच्या पुरुषांच्या 1500 मध्ये ब्रिटनला पदक मिळालं ते थेट टोकियोत, 2021 मध्ये.

रॅडक्लिफ आणि फॅरा हे याच दुष्काळातले. रॅडक्लिफचा 2003 चा लंडनचा 2:15:25 हा विक्रम सोळा वर्षं टिकला. जवळपास कुणी नव्हतं, ना जगात, ना घरी. फॅरा लहानपणी खोट्या नावाने या देशात आणला गेला होता, हे त्याने स्वतः 2022 मध्ये सांगितलं. शाळेतल्या खेळाच्या शिक्षकाने त्याला ओळखलं आणि सांभाळलं. लंडन आणि रिओमध्ये त्याने 5000 आणि 10,000 अशी चार सुवर्णं घेतली. पण कोच अल्बर्टो सालाझार आणि त्याच्या गटातल्या सरावाच्या जोडीदारांसाठी तो 2011 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनला गेला. घरी त्याच्याबरोबर धावायला कुणी नव्हतं, याहून आणखी पुरावा काय हवा?

आता परतीचं. इथे मी थोडा सावध आहे, कारण 2017 नंतर आलेल्या कार्बन प्लेटच्या, जाड फोमच्या बुटांनी सगळेच आकडे खाली आणले आहेत. जोन्सने 2:07:13 पातळ तळाच्या बुटांत काढले होते. त्याची आजच्या 2:07 शी बरोबरी लावू नका. पण पदकं बुटांनी मिळत नाहीत, बूट सगळ्यांनाच मिळतात. 2022 ला यूजीनमध्ये जेक वाइटमन 1500 चा विश्वविजेता झाला, 1983 च्या क्रॅमनंतरचा पहिला ब्रिटिश पुरुष. त्याचे वडीलच त्याचे कोच, आणि त्या दिवशी स्टेडियमचे निवेदकही तेच. 2023 ला बुडापेस्टमध्ये जॉश कर विश्वविजेता. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकला त्याने 3:27.79 मध्ये रौप्य घेतलं. क्रॅमचा मैलाचा 1985 चा राष्ट्रीय विक्रमही त्यानेच 2024 मध्ये मोडला. मजा म्हणजे वाइटमन आणि कर दोघेही एकाच एडिंबरा अ‍ॅथलेटिक क्लबात वाढलेले. पॅरिसमध्ये 800 चं सुवर्ण घेणारी कीली हॉजकिन्सन मँचेस्टरजवळच्या छोट्या ली हॅरियर्सची. तिच्याच गटात सराव करणारी जॉर्जिया हंटर बेल धावणं सोडून सायबर सुरक्षेच्या कंपनीत नोकरी करत होती, कोव्हिडनंतर पार्करन धावता धावता परत आली आणि पॅरिसला 1500 चं कांस्य घेऊन गेली. 2025 च्या टोकियो जागतिक स्पर्धेत 800 मध्ये हंटर बेल दुसरी आणि हॉजकिन्सन तिसरी, दोघींत एक शतांश सेकंदाचं अंतर. रोज एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून सराव करणाऱ्या दोघी एकाच अंतिम फेरीत दोन पदकं घेतात, याला मी फळी म्हणतो.

पार्करनचं नाव आलंच आहे. 2 ऑक्टोबर 2004 ला लंडनच्या बुशी पार्कमध्ये 13 जण धावले. आता दर शनिवारी सकाळी नऊला इंग्लंडभर हजारो लोक पाच किलोमीटर धावतात, फुकट. त्याने चॅम्पियन घडतात असा दावा मी करणार नाही. पण क्लबात येणारे निम्मे नवे चेहरे आज तिथूनच येतात, आणि घड्याळ लावणारे स्वयंसेवकही. बाकी पुष्कळ मुलं शिष्यवृत्तीवर अमेरिकेच्या विद्यापीठांत जातात. कर न्यू मेक्सिकोत शिकला. याचं श्रेय ब्रिटनने घ्यावं का, यावर आमच्या क्लबात दर हिवाळ्यात भांडण होतं.

तुमच्या लीड्सबद्दल. एमिल केअरेस लीड्स सिटी क्लबचा. 2024 च्या लंडन मॅरेथॉनमध्ये तो 2:06:46 मध्ये तिसरा आला आणि पॅरिस ऑलिंपिकला चौथा. त्या क्लबात तुम्हाला कुणी अडवणार नाही, पण 41 मिनिटांच्या दहा किलोमीटरवर तुम्ही संघाच्या बरेच मागे राहाल. मी तुमच्या जागी असतो तर व्हॅली स्ट्रायडर्स किंवा हाइड पार्क हॅरियर्ससारख्या क्लबात आधी गेलो असतो, कारण तिथे तुमच्या वेगाची आणि तुमच्यापेक्षा मिनिटभर पुढची अशी माणसं भेटतील. बहुतेक क्लब पहिले एक-दोन सराव सभासद न होता करू देतात. ईमेल पाठवा, मंगळवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी जा, इंटरव्हलमध्ये (जोरात धावणं आणि मध्ये विश्रांती असा सराव) आपला गट विचारून घ्या आणि पहिल्या दिवशी एक गट खालचा घ्या. सभासद होताना इंग्लंड अ‍ॅथलेटिक्सची नोंदणीही करून टाका. त्याने रस्त्यावरच्या शर्यतींची फी थोडी कमी होते, आणि बऱ्याच चॅम्पियनशिपना ती लागतेच.

पहिल्या शनिवारी वुडहाउस मूरवरची पार्करन धावा. मग हिवाळ्यात पेको लीगची क्रॉसकंट्री. क्लबाची बनियन घातल्याशिवाय तिथे तुमचा क्रमांक धरत नाहीत, तेव्हा ती आधीच विकत घ्या. चिखलासाठी 12 मिलिमीटरचे स्पाइक्स (बुटांच्या तळाला लावायचे खिळे) बहुतेक वेळा पुरतात, पावसाळी आठवड्यात 15 चे लावा आणि पाना बॅगेत ठेवा. नाडीची डबल गाठ मारा, कारण मऊ चढावर बूट पायातून निघून चिखलात राहतो आणि मागून दोनशे जण येत असतात. कोरडे मोजे दोन जोड घ्या. सुरुवातीला सगळे शंभर मीटर धावल्यासारखे सुटतात, त्यांच्यामागे जाऊ नका. पहिल्या मैलात शंभर जण पुढे गेले तरी त्यातले निम्मे तुम्हाला दुसऱ्या चढावर भेटतील. शर्यत संपल्यावर तंबूत चहा आणि घरी केलेला केक असतो. पैसे डब्यात टाकायचे, म्हणून खिशात थोडी नाणी असू द्या.